या जगापुरता नवरा

"बिचारा नील्स," ती बाई म्हणाली, "एवढी वर्षं दाराबाहेर पायरीवर बसून आहे. कुणी त्याला आत ये म्हणालंच नाही." आणि तिने पर्समधून तांबड्या चिवट मिठाईची एक कांडी काढून दातांनी तिचा तुकडा तोडला. लायब्ररीत खायला बंदी आहे. ते सांगायलाच मला छातीवर नावाची काळी पट्टी लावून इथे तळघरात, डेन्मार्कच्या विभागात बसवलंय. पण मी संगणकाच्या पडद्यावरच्या वंशावळीत नील्सच्या चौकोनाकडे बघत राहिलो. बाईचं नाव शेरिल टॅनर. आयडाहोहून गाडी चालवत आली होती, अंगाने भरलेली, गुडघे दुखणारी, कुणालाही पाच मिनिटांत आपलंसं करून टाकणारी. तिची पणजी मारेन ही डेन्मार्कहून आमच्या पंथाच्या लोकांबरोबर इथे यायला निघाली, तेव्हा तिच्यासोबत पेडर नावाचा नवरा होता. तो वाटेतच पटकीने गेला. मग इकडे येऊन तिने नील्सशी लग्न केलं, त्याच्याबरोबर उभं आयुष्य काढलं, नऊ मुलं वाढवली. पण मंदिरात तिची कायमची गाठ बांधली गेली ती पेडरशी. नील्स नुसताच राहिला. शेरिल म्हणाली, "दोघांशीही बांधून टाकू या, एल्डर. सगळेच गेलेत, आता नियमात बसतं ना?" मी म्हणालो, बसतं. "मग झालं तर! वर जाऊन काय भांडायचं ते भांडू देत. पणजी बघून घेईल." कुठे दाबायचं ते मी दाखवलं. तिने दाबलं. "एवढंच?" तिने विचारलं. "एवढंच," मी म्हणालो. खोलीतला दिवा लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात नील्सची सोय लागली. आणि ती उठून गेल्यावरही मी त्या चौकोनाकडेच बघत बसलो.

बाकीच्यांना हे काय ते सांगायला हवं, नाहीतर मी वेडा वाटेन. मी आर्डन सोरेनसन. जन्मभर सॅनपीटच्या खोऱ्यात टर्की पाळल्या. टर्कीइतका मूर्ख पक्षी देवाने दुसरा केला नाही, आणि त्यांच्यात राहून माणूस फार शहाणा होतो असंही नाही. सत्तरी उलटल्यावर मी आणि माझी बायको नेड्रा चर्चच्या मिशनवर सॉल्ट लेकला आलो. जवान पोरं सायकलींवरून दारोदार जाऊन जिवंतांना धर्म सांगतात. आमच्यासारखी म्हातारी जोडपी मेलेल्यांची सेवा करतात. मिशनवरच्या पुरुषाला आमच्यात एल्डर म्हणतात, बाईला सिस्टर, मग ती तुमची बायको का असेना. काम असं, की लोकांना त्यांचे पूर्वज शोधून द्यायचे. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची बायको हे जुन्या चर्चमधल्या नोंदींवरून लावायचं. डॅनिश लोकांत हे म्हणजे डोकेफोडच असते, कारण जेन्सचा मुलगा सोरेन जेन्सन, आणि त्याचा मुलगा जेन्स सोरेनसन, आणि गावातले सगळेच असे. एकदा माणूस सापडला की मंदिरात त्याच्या नावाने कुणीतरी जिवंत माणूस उभं राहतं, आणि नवऱ्याची बायकोशी, मुलांची आईबापांशी गाठ बांधली जाते. या जगापुरती नव्हे, कायमची, मरणानंतरही न सुटणारी. घर तिथेही घरच राहतं. लहानपणापासून मी हेच ऐकलं, यावरच वाढलो, आणि यातला शब्दन् शब्द मला खरा वाटतो. खोटा वाटला असता तर किती बरं झालं असतं. आमचा केंट, धाकटा, तो कधीच यातून बाहेर पडला; पोर्टलंडला बिअर पितो आणि रविवारी दुपारपर्यंत झोपतो. त्याला कसलंच भय नाही. मला आहे.

कारण मीही नील्सच आहे. नेड्राची गाठ माझ्याशी नाही. तिची गाठ गार्थ ब्रॅमवेलशी आहे, आणि गार्थ बाविसाव्या वर्षी हंटिंग्टनच्या घाटात कोळशाच्या ट्रकसकट खाली गेला. आमच्या गावचा. माझ्यापेक्षा थोडा लहान. कान बाहेर आलेले, हसला की सगळे दात दिसायचे, उधार घेतलेली वस्तू घासूनपुसून परत करायचा. वाईट बोलायला जागा नाही असा मुलगा, आणि मी जागा शोधली नाही असं नाही. नेड्रा विशीत विधवा झाली. दोन वर्षांनी मी तिला विचारलं, ती हो म्हणाली, आणि आम्ही बिशपच्या बैठकीच्या खोलीत गेलो. बिशप म्हणजे आमच्याकडे कुणी झगेवाला नव्हे. गावातलाच माणूस, हा धान्याचं दुकान चालवायचा. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आर्डन, तुला नियम माहीत आहे. जिवंत बाईची गाठ एकाशीच. ही तुला मिळेल ती या जगापुरती." मी म्हणालो, चालेल. केवढ्या ताठ मानेने म्हणालो! तेव्हा हे जग मला संपणारं वाटतच नव्हतं. समोर सगळं पडलं होतं: जमीन, पक्षी, कर्ज, पोरं, ती. पुढचं पुढे बघू. खंडाने घेतलेली जमीन माणूस आपलीच म्हणून कसतो, त्यातलं तण काढतो, बांध घालतो, आणि मालक कधी येणार याचा विचार करत नाही, तसंच झालं. पण खंडाच्या जमिनीत पीक तरी आपलं असतं. आमच्या नियमात तेही नाही. बाई ज्याच्याशी बांधलेली, तिची मुलंही त्याच्याच गाठीत जन्मतात. जोलीन आणि केंट, दोघांचं नाक माझं, दोघांचा हट्टीपणा माझा, पण त्या जगात ती गार्थची. केंट पंधरा वर्षांचा असताना त्याला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. "बाबा, मग वर गेल्यावर मी त्या ब्रॅमवेलला काय म्हणू? आणि तुम्हाला काय म्हणू, शेजारचे काका?" नेड्राने त्याला टेबलावरून उठवलं. मीही हसलो होतो. दुसरं काय करणार?

जो बांधला गेला नाही, तो तिथे एकटा असतो. वाईट हाल होत नाहीत त्याचे. देवाच्या घरी कुणाचे हाल नाहीत. पण तो सेवक होतो. ज्यांची घरं आहेत त्यांची कामं करायची, निरोप न्यायचे, आणायचे. टर्कींना पाणी घालण्यापेक्षा ते बरंच म्हणायचं. मला कामाचं कधी वाटलं नाही. मला वाटतं ते संध्याकाळचं. काम संपलं की मी कुठे जाऊ?

एक वाट मात्र आहे, आणि ती मला तोंडपाठ आहे, कारण लोकांना ती मीच रोज समजावून सांगतो. बाई गेली, तिचे नवरेही सगळे गेले, की मग मागे राहिलेल्यांनी तिची गाठ दुसऱ्या नवऱ्याशीही बांधून घ्यावी. तिथे गेल्यावर ती ज्याला हो म्हणेल तो तिचा. म्हणजे मला निदान दाराशी उभं राहून विचारता येईल. एवढ्यावरच मी इतकी वर्षं काढली. आम्ही दोघं गेलो की जोलीन ते करेल, असं मी धरूनच चाललो होतो. जोलीन थोरली, ओरेमला असते, देवाधर्माची, कुणाच्या घरी मूल झालं की पहिला जेवणाचा डबा तिचा. ती नाही करणार तर कोण? पण मी तिला कधी विचारलं नव्हतं. जगाच्या पणज्या जुळवून दिल्या, लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या, आणि स्वतःचा एक शब्द तोंडातून निघाला नाही. विचारलं की उत्तर मिळतं. न विचारलेल्या गोष्टीला कुणी नाही म्हणू शकत नाही. पण आज त्या बाईने तांबडी मिठाई चघळत जे केलं, ते बघून मला वाटलं, पणती येईपर्यंत थांबायचं का? केंटची पोरं तर चर्चचं दार ओळखत नाहीत. जोलीनची एकुलती एक मुलगी सिॲटलला कुणा बौद्धाबरोबर राहते. जोलीननंतर कुणीच नाही.

दुपारी नेड्रा वरच्या मजल्यावरून डबा घेऊन खाली आली. ती इंग्लंडच्या विभागात असते. आम्ही जेवणाच्या खोलीत खिडकीशी बसलो. खिडकीतून काही दिसत नव्हतं, कारण जानेवारीत या खोऱ्यावर धुरकं बसतं आणि दोन-दोन आठवडे हलत नाही. डोंगर गेले, मंदिराचे कळस गेले, समोरच्या रस्त्यावरची ट्राम नुसती घंटेवरून कळत होती. तिने माझ्या पुढ्यात चीजचं सँडविच ठेवलं, सफरचंदाच्या फोडी ठेवल्या. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून तिने त्यांना लिंबू लावलं होतं. मला लिंबू आवडत नाही हे तिला माहीत आहे आणि काळी फोड मी खात नाही हेही माहीत आहे. इतक्या वर्षांत तिने यातलं एक निवडलं आणि तेच चालवलं. यॉर्कशरच्या कुठल्या लोहाराला तीन बायका होत्या आणि तिन्ही अ‍ॅन, असं काहीतरी ती सांगत होती. मी तिच्या हातांकडे बघत होतो. अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलंय. त्या हातांनी माझ्याबरोबर हिमवादळात मरायला टेकलेली पिल्लं स्वयंपाकघरात आणून शेगडीपाशी मांडलीत, माझ्या आईला शेवटी भरवलंय, माझ्या छातीत दुखलं तेव्हा गाडी हाणलीय. हे हात बावीस वर्षांच्या त्या पोराने कधी बघितलेही नाहीत. त्याला मिळतील ते नवे हात, कारण तिथे सगळ्यांना तारुण्य परत मिळतं. झिजलेले हात माझे, नवे त्याचे. "काय बघतोस?" नेड्रा म्हणाली. "माझ्या दातात काही अडकलंय का?" मी म्हणालो, हो, लोहार. ती इतकी हसली, की पलीकडल्या टेबलावरच्या सिस्टरने वळून पाहिलं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी पाणी आणायला उठलो.

पाणी आणायचं राहिलं आणि मी जिन्याखाली जाऊन जोलीनला फोन लावला. "बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?" आमच्या घरात मी फोन केला म्हणजे कुणीतरी मेलंच असणार. मी म्हणालो, आई बरी आहे, लोहारांवर हसतेय. तिच्याकडे कपडे धुण्याचं मशीन फिरत होतं ते ऐकू येत होतं. "जोलीन," मी म्हणालो, "आम्ही दोघं गेलो ना, की ते... मंदिरातलं. आईचं आणि माझं. ते तू करून घेशील ना?" पन्नाशीची बाई, चार माणसांत बोलायला न घाबरणारी, पण तिने उलट मलाच विचारलं. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही आईशी बोललात का?" मी म्हटलं, आईशी काय बोलायचं, आईही तेव्हा मेलेलीच असणार. हा विनोद होता. ती हसली नाही. "आधी आईशी बोला," ती म्हणाली. "प्लीज, बाबा. मला मध्ये घालू नका." आणि मशीन थांबलंय असं काहीतरी सांगून तिने फोन ठेवला. मशीन थांबलं नव्हतं. मला चांगलं ऐकू येतं.

दुपारभर मी काय केलं ते विचारू नका. एका जोडप्याला मी बहुतेक चुकीच्या गावातला जेन्स दिला. त्यांची घरं आता उलटसुलट होणार, कुणाचा तरी बाप दुसऱ्याच कुणाच्या घरी जाऊन पडणार, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. नेड्राला माहीत आहे. जोलीनला माहीत आहे. दोघींच्यात काहीतरी बोलणं झालंय आणि मला सोडून झालंय. घरात सगळ्यांना कळून चुकलेली गोष्ट घरच्या माणसाला शेवटी कळते, तसं. मला वाटत होतं नेड्रा नाराज असेल. नाही, मला ते वाटत नव्हतं. मला वाटत होतं की तिला गार्थ हवाय. इतकी वर्षं, प्रत्येक टर्कीच्या हंगामात, प्रत्येक आजारपणात, प्रत्येक चांगल्या दिवशीसुद्धा, मनाच्या एका कोपऱ्यात ती नुसती दिवस काढत होती. मी म्हणजे वाटेतला मुक्काम. आणि मी त्या मुक्कामाच्या भिंती रंगवत बसलो. हे मला कधी वाटलं नव्हतं असं नाही. पण आधी ते संशयासारखं यायचं आणि कामात विसरायचं. आज ते येऊन समोर बसलं आणि उठेचना.

पाच वाजता आम्ही घरी चालत निघालो. मिशनने दिलेली जागा चार रस्ते पलीकडे आहे. धुरक्यात दिव्यांचे नुसते डाग दिसत होते, घसा जळत होता, नेड्राने माझा दंड धरला होता, कारण कडेला बर्फ गोठलं होतं. घरी येऊन तिने कोट काढला, ॲप्रन बांधला आणि बटाटे सोलायला घेतले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"मी जोलीनला फोन केला होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तिने लगेच मला केला. रडत होती." सुरी चालूच होती. "मी तिला मागच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला सांगून ठेवलंय, आर्डन. आपण गेल्यावर ते करायचं नाही म्हणून. तुला सांगायचं होतं मला. रोज सकाळी उठून ठरवायचे, आज सांगायचं. आणि तू मोजे शोधत असायचास."

"मी कुठे कमी पडलो?"

"वेड्यासारखं बोलू नकोस."

"मग तुला तोच हवाय. इतकी वर्षं तोच हवा होता."

तिने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे वळली. मी तिला लग्नाच्या दिवशी पाहिलंय, मुलं होताना पाहिलंय, आई गेली तेव्हा पाहिलंय. असं तोंड कधी पाहिलं नव्हतं. "गार्थचा चेहरा मला आठवत नाही," ती म्हणाली. "फोटो आठवतो. आवाज तर मुळीच नाही. आमच्या संसारात एक उन्हाळा आला, आणि हिवाळा पुरा झाला नाही. मी त्याला एकदा धड जेवण करून घातलं नसेल. मला येतच नव्हतं काही."

"मग का?"

"कारण त्याला दुसरं कुणी नाही. ना मूल, ना म्हातारपण, काही नाही. तो माझ्या भरवशावर गेलाय." मग ती हळू म्हणाली, "तुझ्याशी बांधलं ना मला, तर तिथे गेल्यावर मला निवडायला सांगतील. आणि मी कुणाला निवडेन ते मला ठाऊक आहे. क्षणभरही थांबणार नाही मी. त्याच्यासमोर. म्हणून ती वेळच यायला नको."

हे ऐकायला मी आयुष्यभर थांबलो होतो. बिशपच्या त्या खोलीपासून. आणि ते मला मिळालं ते हे असं, दार लावता लावता. मला तिच्यावर रागवावंसं वाटलं, आणि तिला घट्ट धरावंसं वाटलं, आणि यातलं मला काहीच जमलं नाही. मी म्हणालो, "मग निवड ना मला. नेड्रा, निवड. त्याला मी समजावेन. माझं ऐकेल तो, चांगला पोरगा होता."

"आणि मग तो कुठे जाईल?"

"आणि मी कुठे जाईन?"

तिने डोळे ॲप्रनला पुसले. "जे होतं ते सगळं मी तुला इथेच दिलं, आर्डन," ती म्हणाली. "पुढे द्यायला मिळणार नाही हे माहीत होतं, म्हणून काही मागे ठेवलं नाही. तुला कळलं नाही का कधी?" कळलं होतं. त्यामुळेच तर मी हावरा झालो. ज्याला थोडं मिळतं तो थोड्यात भागवतो. मी बटाट्याची साल उचलून टोपलीत टाकली, कारण ती जमिनीवर पडली होती.

मग ती म्हणाली, "अजून एक आहे. गावच्या दफनभूमीत ब्रॅमवेलांनी बसवलेल्या दगडावर त्याच्या नावाशेजारी माझंही नाव आहे, ते तू बघितलंयस. मी तिथेच जाणार. पण माझ्या पलीकडची जागा रिकामी होती. ती मी घेतली. तुझ्यासाठी. एवढंच मला करता आलं."

मी म्हणालो, बरं केलंस. आम्ही जेवलो. तिने बटाट्यात सायीचं दही घातलं होतं, मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तिने भांडी धुतली आणि मी पुसली. मी त्या जागेचा विचार करत होतो. आमच्याकडे माणसाला पूर्वेकडे पाय करून पुरतात, पुन्हा उठायच्या सकाळी तोंडावर ऊन यावं म्हणून. आणि थोरली माणसं सांगायची, की त्या सकाळी आधी नवरा उठतो आणि आपल्या बायकोला नावाने हाक मारतो, आणि ती त्या हाकेने उठते. आधी गार्थ, मध्ये नेड्रा, कडेला मी. गार्थ बावीस वर्षांचा, उन्हात डोळे मिचकावत उभा राहील, आणि तिला हाक मारेल. कशी मारतात ती हाक मला माहीत आहे. मी ती परसातून, गोठ्यापासून, जिन्याखालून आयुष्यभर मारलीय आणि ती प्रत्येक वेळी "आले, आले" म्हणत आलीय. त्या सकाळी ती हाक मला मारता यायची नाही. पण मी तिथेच असेन, हाताच्या अंतरावर, आणि मातीत गेलेले कान मला परत मिळालेले असतील. तो हाक मारेल, ती "आले" म्हणेल, आणि ते मला ऐकू येईल.